ताईचा शेक आणि बिनपंखांची माशी

रूपक म्हणजे पुरावा नव्हे, हे वाक्य मी गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आले आहे. ते स्वतःला सांगण्याची वेळ आली, तेव्हा मात्र मला त्याचा विसर पडला.

ताईच्या स्तनातली गाठ काढली, स्तन वाचवला, आणि पुढे पंचवीस वेळा रेडिएशन घ्यायचे ठरले. तिथल्या बाकांवर बसलेल्या बायकांपैकी कुणी त्याला 'लाईट' म्हणत, कुणी 'शेक'. ताईने 'शेक' हा शब्द उचलला. बाळंतिणीच्या शेकशेगडीची ऊब त्यात असावी. पण बाराव्या शेकानंतर त्वचा काळवंडली, काखेत सोलवटली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "गाठ तर काढून टाकली ना गं? मग हे भाजून घेणं कशासाठी?"

त्या दिवसांत मी मिळेल ते वाचत होते. शरीर घडवणाऱ्या प्रथिनांची नावे पाहून माझ्यातली भाषेची शिक्षिका सुखावली होती. फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच दिसली, म्हणून त्या जनुकाचे नाव 'नॉच'. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये पंखच न फुटलेल्या माशीची नोंद केली. तिच्या जनुकाचे नाव 'विंगलेस'. पुढे १९८२ मध्ये रूल नुसे आणि हॅरोल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनातील गाठींत एक जनुक सापडले, 'इंट-१'. ही दोन्ही मुळात एकच, हे १९८७ मध्ये उघड झाले आणि दोन्ही नावांचा संधी होऊन 'विंट' हा शब्द तयार झाला. माशीला पंख देणारा निरोप आणि उंदराच्या स्तनात गाठ आणणारा निरोप एकच! वयात येताना, गरोदरपणी स्तनातील नलिकांना फांद्या फुटतात, त्यातही या कुळाचा हात असतो.

इथवर ठीक होते. पुढे मी वाचले की २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींत काही चिवट पेशी आढळल्या. किरणांनी त्या सहज मरत नव्हत्या. उलट किरणांच्या मात्रांनंतर त्यांच्यातला नॉचचा निरोप जागा होत होता. २००७ मध्ये उंदरांच्या स्तनातील मूळ पेशींच्या अशाच चिवटपणाशी विंटचे नाते दिसले. माझ्या मनाने लगेच चित्र रंगवले : आग लावायची, आणि त्या आगीनेच निजलेले बीज उठवायचे. चित्र इतके देखणे होते, की मी ते ताईला सांगितले. तिला थांबायला निमित्त हवेच होते. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण ते बशीतल्या पेशींचं आणि उंदरांचं आहे. शेक घेतलेल्या बायकांचं काय झालं, ते वाचलंत का?" मी वाचले नव्हते. त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला, सतरा चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास दाखवला. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण शेकाविना ३५ टक्के होते, शेक घेतल्यावर १९.३ टक्के. पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ वर आले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या पेशी मागे राहतात, त्यांच्यासाठी हा शेक. काही पेशी तगतात, म्हणून तो व्यर्थ ठरत नाही; त्यांना हतबल कसे करावे, एवढाच संशोधकांचा प्रश्न आहे.

मग नॉचचा निरोपच का तोडत नाहीत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, तशी औषधे करून पाहिली आहेत. पण आतड्याच्या अस्तराची रोजची घडणही त्याच निरोपावर चालते, आणि रुग्णाला जुलाबांनी हैराण व्हावे लागते. घडवणारा आणि बिघडवणारा असे दोन वेगळे नाहीतच, मग एकाला बांधून दुसऱ्याला मोकळे सोडणार कसे?

घरी येऊन मी ताईला आकडे सांगितले आणि माझी चूकही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या रिक्षा लवकर सांग." उरलेले शेक तिने पुरे केले, त्वचाही हळूहळू भरून आली.

आता तपासणीची तारीख जवळ आली, की दोघींचीही झोप उडते. रोग परतणार नाही, असे कुणी लिहून दिलेले नाही. मी अजूनही वाचते, पण अर्धवट वाचलेले तिच्यापुढे ठेवत नाही. मध्यंतरी तिनेच विचारले, "त्या बिनपंखांच्या माशीचं काय गं पुढे?" मी सांगत गेले आणि ती भाजी निवडता निवडता ऐकत राहिली.