सुईच्या आधी शेण

घोटी,
आषाढातला रविवार

चि. चिमणीस,

अक्काचा फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो. तू म्हणे तिला सांगितलंस, "पशुवैद्यकीच्या पदवीला नंबर नाही लागला तर राहिलं, पदविका करते. हातात सुई आली की गावात डॉक्टरच म्हणतात." हे वाक्य कुणाकडून उचललंस ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. पत्र अक्का वाचणारच.

विचारलंस तेवढ्याचं उत्तर आधी. स्वतःचा दवाखाना टाकता येईल का? नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार करायचे ते नोंदणी झालेल्या पशुवैद्याने. पदविकावाल्यांनी त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. दाजींनी पाटी रंगवायचं मनात आणलं असेल तर थांबव त्यांना.

पाटीचं सोड. माझं डोकं फिरलं ते त्या सुईवरून. सगळी नोकरी गुरांच्या श्रेणी दोनच्या दवाखान्यांत गेली माझी. गाय बसली की माणसं म्हणायची, "साहेब, सुई मारा." आणि मी आधी तिच्या मागे जाऊन शेण बघायचो. दाणे अख्खे पडलेत का, आव आहे का, वास कसा. मग रवंथ, नाकपुडी, कान. नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईचे कान गार आणि मान पोटाकडे वळलेली दिसली, तर कॅल्शियम घसरलं असावं, दुग्धज्वर. एवढं फोनवर नीट सांगता आलं तर डॉक्टर योग्य बाटली घेऊनच निघतो. ते 'नीट सांगणं' शिकायला तू जाते आहेस, आणि ते अर्धवट डॉक्टरकीपेक्षा फार मोठं काम आहे. पुस्तकात ते थोडंच सापडेल. दूध काढणाऱ्या बाईला विचार. मालक ओट्यावर बसून सांगतो, "कालपासून खात नाही." ती सांगते, परवा संध्याकाळी मागच्या डाव्या सडाला हात लावू देत नव्हती. कासदाह तिला दोन वेळा आधी कळलेला असतो, पण तिला विचारतं कोण?

आणि चीक! वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी झुंजायचं बळ मिळतच नाही, ते चिकातून येतं. जन्मल्यावर तासा-दोन तासांत पाजला पाहिजे. दिवस उलटला की आतडं ते बळ घेईनासं होतं. आपल्याकडे पहिल्या धारेचा खरवस होतो आणि वासरू हगवणीने गेलं की पुन्हा 'सुई मारा'. (अक्का, वाचते आहेस ना? खरवस तिसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो.)

रेतनातही तसंच, आमच्या डांगी गाईचंच बघ. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पाणी अंगावर ठरत नाही. काळे टणक खूर भाताच्या चिखलाला दाद देत नाहीत. दूध कमी म्हणून तिला होल्स्टीन भरवायची आणि पुढे वासरू पावसाळाभर आजारी ठेवायचं, हा कुठला शहाणपणा? नायट्रोजनच्या डब्यात उणे १९६ अंशांवर हव्या त्या वळूच्या रेताची कांडी मिळेल तुला. कुठली कांडी कुठल्या गाईला, हे डबा सांगत नाही.

सुईच्या नादाने काय होतं ते डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने दाखवलंच. गाय मेली, गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तरी माणसांच्या औषधाच्या बाटल्या गोठ्यात शिरत राहिल्या. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली आहे. त्या जनावराला आधी कुणी काय टोचलं होतं, हे कोण बघणार? त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालतं, हे पाठ कर. नाही, पाठ नको, वहीत लिही. तुझं पाठांतर मला माहीत आहे.

खरं सांगू, मघापासून दुसरंच मनात घोळतंय. गाय लाळ गाळते, घोगरं हंबरते, पाणी गिळता येत नाही. लोक म्हणतील घशात काही अडकलंय, हात घालून बघा. घालू नकोस. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय अशीच दिसते, आणि तिची लाळ हाताच्या ओरखड्यातून गेली आणि लगेच लस घेतली नाही, तर रोग उमटल्यावर औषध नाही. गाभ टाकलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढू नकोस, ब्रुसेलाचा ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही. कालवडींना त्याची लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तरी तोच ताप. ती लस जिवंत जंतूंची असते. लांब हातमोजे कॉलेज देईल असं धरून चालू नकोस, मी नाशिकहून आणून ठेवतो. गमबूट मात्र तुझ्या मापाचे तूच घे, एक नंबर मोठे.

आणि रेबीजची आधी घ्यायची लस प्रवेशाच्या आधीच सुरू कर. पहिली सुई तुझ्या दंडात. डोस घेतल्याचा कागद मोबाइलवर पाठव, मला. अक्काला नको, ती उगाच घाबरून प्रवेशच रद्द करायला लावेल.

तुझा,
मामा