केसपेपर न काढता

आमच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी होस्टेलपासून हाकेच्या अंतरावर. तरी आमच्यातलं कुणी तिथं फिरकायचं नाही. केसपेपर घेऊन हिस्ट्री लिहायला बसलेला इंटर्न ओळखीचा, आणि ज्यांच्यासमोर रडायचं त्याच सरांकडे पुढे पोस्टिंग. कोण जाईल?

म्हणून थर्ड इयरला आम्ही काही जण फर्स्ट इयरच्या मुलांचे सोबती झालो. बाहेरून आलेल्या मानसशास्त्रज्ञ ताईंनी शिकवलं ते मुख्यतः काय करायचं नाही हेच. निदान करायचं नाही, गोळी सुचवायची नाही, 'आमच्या वेळी तर...' म्हणायचं नाही. (हे शेवटचं महाकठीण. ते म्हणता यावं म्हणूनच तर माणूस सीनियर होतो!) ऐकलेलं आपल्यापाशी ठेवायचं, जिवाला धोका दिसला तर मात्र नाही, आणि हे समोरच्याला आधीच सांगायचं.

एक ज्युनियर नोट्स मागायच्या निमित्ताने खोलीवर यायचा. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यात अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या टर्मिनलला नापास झालेला. बरेच दिवस 'सर, सर' चाललं. 'दादा' म्हणायला लागला तेव्हा कुठे बोलला, "गावात चौकात माझा बॅनर लागलाय. भावी डॉक्टर म्हणून. आता घरी कसा जाऊ?"

मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे ताईंनी बजावलं होतं. तरी जीभ जड झाली. तो म्हणाला, "तसं नाही. पण सकाळी जागच येऊ नये वाटतं."

हे 'तसं नाही' मी सोडून दिलं नाही. त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. माझ्याच फोनवरून १४४१६ला, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. २०२२पासून ही सेवा फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. नंतर दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे सोबत गेलो. आता तो सेकंड इयरला आहे. हे त्याला विचारूनच लिहितोय.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४मध्ये पाहणी केली, तेव्हा एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक त्रास असल्याचं सांगितलं. त्याच कृतिदलाच्या अहवालात रेसिडेंटांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशीही शिफारस आहे. सोबती योजना कॉलेजांना आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत. रेसिडेंटांच्या झोपेला मात्र लागतात, कारण कामाचे तास कमी करायचे तर जादा माणसं नेमावी लागतात. आम्ही डीनसरांकडे दोन मागण्या केल्या: विद्यार्थ्यांसाठी बाहेरचे डॉक्टर आणि ड्युटीच्या तासांची नोंद. बाहेरचे डॉक्टर आता संध्याकाळी येतात. तासांची फाइल अजून वरच आहे.