बाबांबरोबर पाहिलेले नगर

पुणतांब्याला इतिहासाचा तोटा नाही. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे, पडक्या तटबंदीच्या खुणा आहेत. तरीही आमच्या लहानपणी ‘ऐतिहासिक शहर’ म्हटले की आम्हां मुलांच्या डोळ्यांसमोर नगरच उभे राही. दाराशी असलेल्या गोष्टीचे माणसाला अप्रूप नसते.

माझे वडील दौंड-मनमाड लोहमार्गावर गँगमन होते. 1986 सालच्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा आटोपल्यावर, मी सेमिनरीत दाखल व्हायचे ठरले. (नाशिक धर्मप्रांताची स्थापना 1987 साली झाली, तोवर आम्ही पुणे धर्मप्रांतात मोडत होतो.) मी घरातला एकुलता एक मुलगा. फादर बोलणी करायला आले तेव्हा बाबांनी होकार दिला आणि त्यानंतर त्या विषयावर अवाक्षरही काढले नाही. एका शुक्रवारी रात्री जेवता जेवता ते आईला म्हणाले, “उद्या पोराला नगर दाखवून आणतो. पास काढलाय.”

गाडीत त्यांनी मला खिडकीशी बसवले. चितळीपर्यंतचा रूळ त्यांच्या टोळीच्या हातचा. पावसाळ्यात भराव कुठे खचतो, कुठल्या वळणावर खडी पुन्हा पुन्हा भरावी लागते, हे ते बोटाने दाखवीत होते. इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना त्यापूर्वी ऐकले नव्हते. बेलापूर, राहुरी, वांबोरी ही स्थानके मागे पडली, तसे ते गप्प होत गेले.

अहमद निजामशहाने 1490 साली वसवलेल्या या शहराचा भुईकोट आम्ही खंदकाच्या कडेकडेने, बाहेरूनच पाहिला. हुसेन निजामशहाच्या काळात त्याला दगडी तट लाभला. 1942 साली नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना इथेच बंदिवासात ठेवण्यात आले आणि नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. शाळेत शिकलेले हे सारे मी उत्साहाने सांगत होतो. बाबांची नजर मात्र तटाच्या सांध्यांवर खिळलेली. “यातला एकेक दगड चढवायला किती गडी लागले असतील?” त्यांनी विचारले. माझ्या पुस्तकात ते दिलेले नव्हते.

रात्र मावशीकडे काढली. रविवारी सकाळी मिस्सा ऐकून पाथर्डीच्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो आणि चांदबिबीच्या महालाकडे चढू लागलो. मुघलांच्या वेढ्यात चांदबिबीने किल्ला कसा लढवला, खिंडार पडलेला तट रातोरात कसा बांधून काढला, ही कथा बाबांनी वाटेत रंगवून सांगितली. वास्तविक ती अष्टकोनी वास्तू म्हणजे मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. वर पोहोचल्यावर मी त्यांना तसे सांगितले.

बाबा कितीतरी वेळ कमानीत उभे राहिले. “म्हंजी नाव एकीचं आन् निजलाय दुसराच,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “तिकडं गेल्यावर तुझं नाव बदलत्यात का रं?”

काही संन्यस्त संघांत तशी प्रथा होती, पण धर्मप्रांताच्या फादरांचे नाव बदलत नाही, असे मी सांगितले.

“आडनाव?”

“तेही राहतं, बाबा.”

“मग बरं.” त्यांनी भाकरीचे फडके सोडले. स्वतःसाठी चतकोर ठेवून उरलेले सारे माझ्यापुढे सरकवले. खाली पिवळे पडलेले माळरान आणि त्यापलीकडे उन्हात धुरकटलेले शहर दिसत होते. महिन्याभरापासून घरात दडपून राहिलेला प्रश्न त्या चार शब्दांत बाहेर पडला होता. जाऊ नको, असे ते तेव्हाही म्हणाले नाहीत.

2024 साली शहराला आणि जिल्ह्यालाही अहिल्यानगर हे नाव मिळाले. ते ऐकायला बाबा नव्हते. असते तर पुणतांब्याचा घाट बांधणाऱ्या बाईंचे नाव म्हणून त्यांनी मान डोलावली असती आणि तोंडाने ‘नगर’च म्हणत राहिले असते, असा माझा कयास आहे.

परतीच्या गाडीत त्यांना डुलकी लागली. मी जागाच होतो. चितळी सुटले, बाहेर पूर्ण अंधार होता. कुठले शेत, कुठला ओढा काही कळत नव्हते. रुळांवरचा खडखडाट मला आधीसारखाच वाटत होता. पण बाबा डोळे न उघडताच म्हणाले, “पिशवी घे. आलं आपलं.”