घार आणि सफरचंदाचं खोकं

मार्केट यार्डात काम करणारा माणूस सहसा वर बघत नाही. खाली पोती, हातगाड्या, टेम्पोची रिव्हर्स येणारी शेपूट, सडक्या टोमॅटोचा चिखल, यातून पाय वाचवण्यातच दिवस जातो. वर पाहिलं तर पत्र्याच्या शेडवर, दिव्यांच्या खांबांवर आणि मोबाईलच्या टॉवरवर घारी दिसतात. गुलटेकडीच्या या आवारात त्या कोणी पाळलेल्या नाहीत आणि कोणी हाकलतही नाही. उंदीर, घुशी आणि आजूबाजूच्या चिकनच्या दुकानांतून बाहेर पडणारा कचरा यांवर त्यांचं चालतं. आमच्या बागवानांच्या तीन पिढ्या इथे फळं विकत आल्या, घारींच्या किती पिढ्या झाल्या ते त्यांनाच ठाऊक.

घारीबद्दल आपल्या मनात प्रेम नाही, हे आधी कबूल करून टाकू. ऑस्ट्रेलियात 2019-20 साली जंगलं पेटली तेव्हा पंजाला पट्टी बांधलेल्या कोआलाचे फोटो आमच्या फळबाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरले होते. ज्यांनी आयुष्यात निलगिरीचं पान जवळून पाहिलं नाही, तेही हळहळले. क्वीन्सलँडमध्ये कांगारू, कोआला, कासवं, पोपट यांच्यासाठी मोठी रुग्णालयं आहेत, स्वयंसेवक घरी पिल्लं वाढवतात, हेही तेव्हाच कळलं. छान वाटलं. कोआला गुबगुबीत असतो, पानं खातो, कोणाचं काही हिसकावत नाही. घारीचं तसं नाही. ती मांस खाते, झडप घालते आणि तिची नजर गरिबाची नसते.

त्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात भोगीच्या भाजीची आवक जोरात होती. हरभऱ्याच्या गड्ड्या, गाजरं, बोरांची पोती. सकाळी नऊच्या सुमारास शेडच्या पत्र्यावरून एक घार गडगडत खाली आली ती बोरांच्या थप्पीवर. उजव्या पंखाला मांजा गुंडाळलेला, त्याचं दुसरं टोक वर तारेत अडकलेलं. ती धडपडेल तसा दोरा आणखी आत जात होता. बघ्यांचं कडं जमलं. एकाने पाण्याची बाटली उघडली, एकाने मोबाईल.

काम केलं ते आमच्या गाळ्यावरच्या हमाल मामांनी. त्यांनी खांद्यावरचं गोणपाट काढलं आणि वरून अलगद टाकलं. अंधार झाला तशी घार थांबली. मग दोन्ही पाय नख्यांसकट एका मुठीत धरले, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी दाबले. मांजा ओढला नाही, दोन्हीकडून कापून टाकला आणि जखमेतला भाग तसाच राहू दिला. पाणी पाजायला निघालेल्याला त्यांनी एका शब्दात गप्प केलं. कुठे शिकलात विचारलं तर म्हणाले, गावाकडे कोंबड्या होत्या. अब्बांनी आतून सफरचंदाचं रिकामं खोकं आणलं. त्या खोक्याला बाजूने भोकं असतातच, काश्मीरपासून पुण्यापर्यंत फळाला हवा लागावी म्हणून. जखमी पक्ष्यासाठी त्याहून चांगली पेटी मुद्दाम करून घेतली तरी मिळणार नाही.

नंतर स्वयंसेवकांशी बोलताना कळलं की मामांनी केलं ते जवळपास सगळं बरोबर होतं. पक्ष्याचं श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, वरून ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. दूध तर नकोच. हळद, तेल, मलम यांनी पिसं चिकटतात आणि पिसं बिघडली की पंख बरा होऊनही पक्षी उडत नाही. अंधार, शांतता, ऊब आणि लवकरात लवकर डॉक्टर, एवढंच. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, वनविभागाबरोबर रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ते चालवते. ही संस्था 2007 पासून शहरात काम करते. बिबट्यापासून खारीपर्यंत सगळे तिथले पेशंट. आणि हो, घार आवडली म्हणून घरी ठेवता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हेतू कितीही नेक असला तरी.

घार न्यायला एक कॉलेजची मुलगी आणि तिचा जोडीदार स्कूटरवर आले. कातडी हातमोजे, एक टॉवेल, कात्री. ती मुलगी रविवारी आणि सुट्टीत हे काम करते. पगार नाही, पेट्रोल स्वतःचं. तिने पंख उलगडून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीची एक पडदी ताणलेली असते. त्या पडदीत एक बारीक दोरीसारखा स्नायुबंध असतो. पंख ताठ राहतो तो त्याच्यामुळे. नायलॉनचा मांजा बरोबर तिथेच कापतो. पडदी नुसती फाटली असेल तर शिवता येते, काही आठवडे पट्टी, मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव, मग आकाश. स्नायुबंध तुटला आणि हाडही सांध्याजवळ गेलं असेल तर फार काही उरत नाही.

आता अब्बांनी मला जे विचारलं ते सांगायला हवं, कारण ते त्यांच्या मनात खरोखर होतं. खोकं गेल्यावर चहा पिताना ते म्हणाले, "बेटा, चील को तो हदीस में फासिक बोला है ना?" बरोबर आहे. बुखारीत पाच जिवांची यादी येते: कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा. एहराममध्ये असतानाही त्यांना मारलं तर गुनाह नाही. मग अशा जिवाला वाचवण्यात सवाब आहे का, की आपण उगाच नऊचा सौदा सोडून बसलो?

मी मौलाना नाही. पण मला त्याच बुखारीतली एक दुसरी रिवायत आठवते, हजरत आयेशांनी सांगितलेली. एका टोळीकडे एक काळी गुलाम मुलगी होती. तिला मुक्त केलं होतं, तरी ती त्यांच्यातच राहायची. एके दिवशी त्यांच्या एका मुलीचा लाल चामड्याचा पट्टा घारीने मांस समजून उचलून नेला. आळ अर्थातच त्या काळ्या मुलीवर आला. तिची झडती घेतली गेली, इतकी की सांगायलाही लाज वाटावी. ती तशीच उभी असताना घार परत आली आणि तिने तो पट्टा सगळ्यांच्या मधोमध टाकला. ती मुलगी मग मदिनेला आली, मुसलमान झाली, मशिदीतच एका लहानशा खोपटात राहू लागली. ती आयेशांकडे बसायला यायची आणि दर वेळी त्या दिवसाची गोष्ट निघायची.

त्या मुलीच्या बाजूने एकही माणूस बोलला नव्हता, ही बाब मला जास्त टोचते. अब्बांना ही रिवायत सांगितली तर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मारने की इजाजत है, मरने देने का हुकुम थोडी है." मला वाटतं यात सगळं आलं. कोंबडीची पिल्लं उचलणाऱ्या घारीपासून आपला माल वाचवणं वेगळं आणि दोऱ्यात गुरफटलेल्या घारीकडे बघत मोबाईल धरणं वेगळं. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या पोराबाळांना पाठ आहे, तिथे मांजर किती सद्‌गुणी होतं याची चौकशी नाही.

आणि हे काही नवं नाही. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात एकोणिसाव्या शतकात जखमी करकोच्यांसाठी रुग्णालय होतं. दिल्लीतले नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ तर आपल्याच काळातले. लहानपणी सापडलेली जखमी घार त्यांनी पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तिथे मांसाहारी म्हणून घेतली नाही. पुढे वझीराबादच्या घरात, साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याच्या धंद्याशेजारीच, त्यांनी घारींवर उपचार सुरू केले. आजवर हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर 2022 मध्ये 'ऑल दॅट ब्रीद्स' ही फिल्म केली, ती सनडान्स आणि कान दोन्हीकडे गाजली, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. दिल्लीत घारींना मांस टाकणं हा सदका समजला जातो, तिथल्या घारींची दाटी जगात सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांत गणली जाते. पण मांस टाकणं सोपं आहे. तुटलेला पंख रात्री दोन वाजता टाका घालून शिवणं वेगळं काम आहे. फिल्म बघताना मला ते दोघे फार पवित्र वाटले नाहीत, थकलेले वाटले, आणि म्हणूनच खरे वाटले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. स्नायुबंध तुटला होता, मनगटाच्या सांध्याचं हाडही. पंख कापला तर जीव वाचेल, पण ती कधीच उडणार नाही. डॉक्टरांचं मत होतं की तिला वेदनेतून सोडवावं. औषध देऊन.

ही बातमी गाळ्यावर सांगितली आणि दोन धर्मांची माणसं एकाच बाजूला गेली. शेजारच्या गाळ्याचे शेठ जैन. पहिल्या दिवशी पेट्रोलचे पैसे त्यांनीच पुढे केले होते, घार मांस खाते याचा उल्लेखही न करता. ते म्हणाले, "जीव आहे, मारायचा अधिकार कोणाचा? पांजरपोळात ठेवा, खर्च मी देतो." अब्बा म्हणाले, जान देणाऱ्याने दिली, घेणारा घेईल, आपण कोण. मामा काहीच बोलले नाहीत. फक्त विचारलं, "पिंजऱ्यात किती वर्षं जगंल?" पंधरा-वीस वर्षंही जगते घार. "मंग तर वाईट," एवढंच म्हणाले आणि पोतं उचलून गेले.

मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे, हे लिहिताना मला सोपं जात नाही. पांजरपोळ गाईसाठी आहे. गाय गोठ्यातही गायच राहते. घारीचं सगळं शरीर एकाच गोष्टीसाठी बनलेलं आहे. एका पंखावर तोल जात राहतो, पायाच्या तळव्याला फोड येतात, माणूस जवळ आला की ती जाळीवर आपटते. शेठ आणि अब्बा दोघांच्या शब्दात दया होती, पण ती दया ते स्वतः त्या पिंजऱ्यात बसून मोजत नव्हते. जनावर हलाल करतानाही सुरी धारदार करा, त्याला तडफडवू नका, असं आपल्याला शिकवलंय. एहसान म्हणतात तो हाच. मरण चुकवता येत नसेल तेव्हा वेदना चुकवणं त्यात येत नाही का? शेठना मी हे सांगितलं. त्यांना पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, आणि त्यांचा मला राग येत नाही. रोज सकाळी मुंग्यांना साखर टाकणारा माणूस तो.

घार गेली. त्याच महिन्यात भुसार बाजाराच्या एका गोदामात उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पट्टीवर गव्हाणी घुबड सापडलं, तेही सफरचंदाच्याच खोक्यातून गेलं. घुबड अपशकुनी म्हणून तिथला दिवाणजी हात लावायला तयार नव्हता आणि आमच्यातलाही एक पोरगा मागे सरकला. खरं तर घुबडाच्या अपशकुनाला आपल्याकडे स्पष्ट शब्दात नाकारलंय, अरबांच्या जुन्या अंधश्रद्धांबरोबर. धान्याच्या गोदामात उंदीर खाणारं घुबड म्हणजे फुकटचा राखणदार, हे दिवाणजींना मात्र हदीसशिवाय समजलं. पिसांवरचा चिकटा धुवायला बरेच दिवस लागले. मग संध्याकाळी त्याच गोदामामागे ते सोडलं.

मांज्याचं काय? नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली. त्याला चिनी मांजा म्हणतात, पण बराचसा इथेच बनतो. 2018 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दुचाकीवरच्या दोन स्त्रियांचा गळा चिरून जीव गेला. तरीही तो मिळतो, आणि आपल्या मोहल्ल्यातही मिळतो. पतंग आणि मांज्याच्या धंद्यात आपली माणसं आहेत हे लपवून काय उपयोग. मी पुढच्या संक्रांतीच्या आधीच्या जुम्म्याला कोंढव्यात आमच्या मौलानांना विनंती केली की यावर दोन वाक्यं बोला. त्यांनी विचारलं, हदीस कुठली सांगू? मी लाल पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगितली, आणि शेवटी मांज्यावर आले.

बाहेर चपला शोधताना एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा माझ्याजवळ आला. साधा सुती दोरा चालतो का, असं त्याने विचारलं. म्हटलं, चालतो, तो तुटतो तरी. पण अगदी सकाळी आणि सूर्य मावळताना उडवू नको, तेव्हा पक्षी थव्याने निघतात. तो जरा घुटमळला.

"पन सादा मांजा लेको गए तो अपनी पतंग कटती ना, चाचा."

"कटने दे," मी म्हटलं.