झाकणावर बसलेला बीव्हर

भयकथेचं वेड मला नारायण धारपांनी लावलं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक रात्रीतून संपवायचं आणि मग तहान लागली तरी स्वयंपाकघरात जायचं नाही. पुढे कळलं, धारपांच्या 'शपथ'मागे स्टीफन किंगची 'इट' आहे. ती मिळवून वाचली आणि किंग घरचाच झाला. त्याचं नवं काही आलं की डोळे मिटून घ्यायचं, हा शिरस्ता.

'ड्रीमकॅचर' 2001 सालची. मेन राज्यातलं जंगल, बर्फ, शिकारीला आलेले चार बालमित्र, शिवाय 'इट'मधलंच डेरी गाव. आणखी काय हवं? एका पाहुण्याच्या पोटातून निघालेला प्राणी कमोडमध्ये अडकलाय. चौघांपैकी बीव्हर नावाचा एक झाकणावर बसून त्याला दाबून धरतोय, मित्र चिकटपट्टी शोधायला गेलाय. बीव्हरला टूथपिक चघळायची खोड. काड्या फरशीवर सांडल्यात, बऱ्याचशा रक्तात, काही कोरड्या. तेवढ्यासाठी तो जरासा वाकतो. संपलं! ते वाचून संडासाचा दिवा आधी लावून मगच आत जायची सवय लागली.

मग लष्कराची हेलिकॉप्टरं येतात, एक माथेफिरू अधिकारी येतो आणि बोस्टनला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाकडे पाठलाग सुरू होतो. तो संपता संपत नाही. भीती केव्हाच ओसरलेली, पानं मात्र ढीगभर शिल्लक. चरफडत पुस्तक माळ्यावर टाकलं.

बऱ्याच वर्षांनी कंबर धरली, अंथरुणावर पडून राहणं आलं, तेव्हा ते पुन्हा खाली काढलं. या खेपेला भेटला चौघांतलाच जोन्सी: गाडीनं उडवलेला, खुबा मोडलेला प्राध्यापक. परग्रहावरचा कुणी त्याच्या देहाचा ताबा घेतो, पण खुब्याची कळ काही सुटत नाही. ही कळ कल्पनेतली नव्हे. जून 1999 मध्ये रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या किंगला व्हॅननं उडवलं होतं. खुबा, पाय, बरगड्या मोडल्या. त्या दुखण्यातच त्यानं ही सहाशेहून जास्त पानांची कादंबरी फाउंटन पेननं लिहून काढली. वेदनाशामक गोळ्या चालू होत्याच. 2014 सालच्या एका मुलाखतीत तर त्यानंच सांगितलं की ही कादंबरी आपल्याला फारशी आवडत नाही, त्या औषधांचा अंमल तिच्यात दिसतो.

लेखकाशी वाद नाही, कादंबरी फसलेलीच आहे. तरी हाती लागलीच, तर बीव्हरचं प्रकरण सोडू नका. हेलिकॉप्टरं आली की फक्त जोन्सीचा माग ठेवा आणि बाकीची पानं खुशाल उलटा.