बारावीला बायो नव्हतं

सावंगीत (मेघे) वाढलेल्या पोरांना डॉक्टर व्हायचं स्वप्न वेगळं दाखवावं लागत नाही. १९९० पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज गावातच आहे. वर्ध्याच्या दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचं कॉलेज, १९६९ चं. एवढ्याशा शहराच्या आजूबाजूला दोन मेडिकल कॉलेजं! पण अकरावीच्या फॉर्मवर मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि माझ्यासाठी दोन्हींची दारं बंद झाली.

महाराष्ट्रात शिकला असाल तर 'बायफोकल' माहीत असेलच. २०० मार्कांचा एक व्यावसायिक विषय घ्यायचा. त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि बायोलॉजी सुटते. मला कोडिंग आवडायचं, अजूनही आवडतं. इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली. कामही हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं मिळालं.

तिथूनच सुरू झालं. लॅब रिपोर्टच्या स्क्रीनवर 'क्रिएटिनिन' नावाचा रकाना होता. माझ्या लेखी तो दोन दशांश स्थळांचा एक आकडा. मर्यादेबाहेर गेला की लाल करायचा, एवढंच माझं काम. एकदा वॉर्डात सिस्टीम दाखवायला गेले, तेव्हा तो लाल आकडा पाहून सिस्टर लगबगीने पेशंटकडे गेल्या. त्या किडनीचा विचार करत होत्या, मी रंगाचा. तेव्हापासून मला रकान्याच्या पलीकडचं कळायला हवंय.

पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बायोलॉजीशिवाय? अमेरिकेत आधी पदवी घेतात, मग मेडिकलला अर्ज करतात. बायोलॉजी, केमिस्ट्रीचे ठरावीक कोर्स लागतात. पण एखादा कोर्स नसेल तर काही कॉलेजं अर्जदाराचं बाकीचं शिक्षण पाहून सूट देतात. आपल्याकडे अशी सूट कोणी डीन देऊ शकत नाही. इथे माणसापुरती माफी नसते, बदललाच तर सगळ्यांसाठी नियमच बदलतो.

आणि तो बदललाय. पूर्वी अकरावी-बारावीची दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सलग, नियमित, प्रॅक्टिकलसह शिकलेली असणं सक्तीचं होतं. २०२२ च्या मार्चमध्ये नीटसाठीची कमाल वयाची अट गेली. २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की, बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास केली असेल तरी नीट देता येईल.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेन्डन्सी आहे. प्रोग्राम चालायला एखादी लायब्ररी लागत असेल तर ती लागतेच. पण ती तुम्ही सोळाव्या वर्षी इन्स्टॉल केली की अठ्ठाविसाव्या, याच्याशी प्रोग्रामला काय देणंघेणं? जुना नियम नेमकं तेच विचारत होता. नव्या नियमाने वेळेची अट काढली, विषयाची नाही. आणि ते मला पटतं. पेशी, रक्ताभिसरण माहीत नसलेल्या डॉक्टरकडे मी माझ्या आईला नेणार नाही.

त्यामुळे सूट मिळाली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे. समोर पोरं सतरा-अठरा वर्षांची, दोन-दोन वर्षं क्लास लावलेली. पुढे साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पस्तिशी आलीच. घराच्या हप्त्यातला निम्मा वाटा माझ्या पगारातून जातो.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगली नोकरी करून राहिली नं बाई? मंग आता हे कायले?" मी क्रिएटिनिनची गोष्ट सांगितली. त्यांना ती किती कळली माहीत नाही. "हप्ता कोण भरन?" एवढंच त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर नियमावलीत नव्हतं, ते आम्हालाच काढावं लागलं: सरकारी सीट मिळाली तरच नोकरी सोडायची. तोवर दिवसा काम, पहाटे अभ्यास.

मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकाच विषयासाठीही प्रवेश घेता येतो. मी बायोलॉजीचा फॉर्म भरलाय. तुमचाही ग्रुप मॅथ्सचा असेल आणि मनात हेच घोळत असेल, तर त्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका आधी नीट वाचा. ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका.

सध्या उत्सर्जन संस्थेचा धडा चालू आहे. एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात, हे मला परवा कळलं.