बर्लिनचा जुना बाजार आणि मोडीत गेलेली ताटली

बेळगावच्या पोराला सैन्याचं फारसं नवल नसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे. कॅम्पातून शाळेला जाताना कवायत करणारे रिक्रूट दिसायचे, आणि प्रत्येक गल्लीत एखादे तरी सुभेदारमामा असायचेच. तरीही लष्करी वस्तू जमवायचा नाद मला लागला तो थेट बर्लिनमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं.

तिथे दर रविवारी माउअरपार्कमध्ये जुना बाजार भरतो. पहिल्यांदा गेलो तो खुर्ची घ्यायला. परत आलो ते आयर्न क्रॉस घेऊन. काळा लोखंडी क्रॉस, कडेला चांदीची चौकट, मध्ये 'डब्ल्यू' अक्षर, वर मुकुट, खाली १९१४. मागच्या बाजूला १८१३, कारण प्रशियाच्या राजाने नेपोलियनविरुद्धच्या लढाईत हे पदक त्या वर्षी सुरू केलं. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग पन्नास लाखांच्या आसपास वाटला गेला, म्हणून तो आजही दोघांच्या हॉटेलच्या जेवणाच्या खर्चात मिळतो. नकलाही तितक्याच. खऱ्याचा गाभा लोखंडाचा आणि चौकट वेगळी बसवलेली असते. नकली बऱ्याचदा एकाच ओतीवाचा असतो. त्यामुळे मी खिशात लोहचुंबक घेऊन फिरायला लागलो. पुढे 'गॉट मिट उन्स' म्हणजे 'देव आमच्यासोबत' असं कोरलेलं पट्ट्याचं बक्कल आलं, आघाडीवरून आलेली पोस्टकार्डं आली. बायको म्हणाली, "हे सगळं बेळगावला नेणार असशील तर वजनाचे पैसे तू भर."

एक नियम मी पहिल्यापासून पाळला. नाझींचं चिन्ह असलेली वस्तू घरात आणायची नाही. जर्मनीत ते चिन्ह उघड दाखवणं गुन्हा आहे, म्हणून विक्रेते त्यावर छोटा स्टिकर चिकटवतात. स्टिकर काढून खालचं बघायला उत्सुक असलेली माणसंही तिथे भेटतात. त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. (दिवाळीत दाराबाहेर स्वस्तिक काढायचं की नाही यावर आमच्या घरात झालेली चर्चा हा वेगळा लेख होईल. आम्ही कमळ काढलं.)

नाद थांबला तो एका चकतीमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या गळ्यात अंडाकृती धातूची ओळखचकती असायची. मध्ये आडव्या चिरा, आणि दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर: तुकडी, नंबर, रक्तगट. नाव नसायचं. माणूस मेला की खालचा अर्धा भाग मोडून घ्यायचा, वरचा अर्धा मृतदेहासोबत ठेवायचा. नंबरावरून बर्लिनच्या कचेरीत नाव सापडायचं. एका टेबलावर मला एक अर्धी चकती दिसली, मातीने काळवंडलेली. मी भाव विचारला. शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "ही वरची अर्धी आहे. म्हणजे कुणीतरी कबर उकरली आहे."

युद्धात पडलेल्या जर्मन सैनिकांचे अवशेष शोधून त्यांना नावानिशी पुरण्याचं काम करणारी 'फोक्सबुंड' नावाची संस्था तिथे १९१९ पासून आहे, आणि ते काम अजून चालू आहे. चकती चोरीला गेली की ती हाडं कायमची बेनाव होतात. मी ती घेतली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर काहीच घेतलं नाही.

मग रविवार मोकळे झाले आणि मी स्मारकं बघत फिरू लागलो. जर्मनीतल्या लहानशा खेड्यातही चर्चपाशी एक दगड असतो. त्यावर १९१४-१८ खाली नावांची यादी, आणि बऱ्याच ठिकाणी १९३९-४५ खाली त्याहून लांब यादी. एकाच आडनावाची तीन-तीन नावं. ही माणसं कुणासाठी लढली हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, आणि त्याबद्दल ते अवघडलेलेही असतात. नावं मात्र पुसत नाहीत.

बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर व्युन्सडॉर्फ आहे. पहिल्या महायुद्धात तिथे 'हाल्बमोंडलागर', म्हणजे अर्धचंद्र छावणी होती. इंग्रज आणि फ्रेंच फौजांतल्या मुसलमान कैद्यांना फितवून आपल्या बाजूला वळवावं, हा जर्मनांचा बेत. त्यासाठी १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीदही बांधली. जर्मन भूमीवरची ती पहिली. हिंदी कैदी तिथेच असत, हिंदू आणि शीखही. जे परतले नाहीत त्यांची दफनभूमी जवळच्या त्सेरेन्सडॉर्फला, पाइनच्या जंगलात आहे. पुढे तो सगळा भाग रशियन सैन्याच्या सरावाचा झाला आणि कबरींची नासधूस झाली. १९९४ मध्ये रशियन गेल्यानंतर ती पुन्हा नीट उभी केली गेली.

मी गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. दोनशेहून जास्त माणसं आहेत त्या मातीत. पंजाबी, गढवाली, गुरखा. मराठा पलटणी तेव्हा बहुतेक मेसोपोटेमियात होत्या हे माहीत असूनही मी रांगेरांगेतून आपल्याकडचं एखादं आडनाव शोधत फिरलो. तिथेच मला आमचे बसरेवाले आजोबा आठवले.

पणजोबांचे हे धाकटे भाऊ. लढाईला बसऱ्याकडे गेले, आले नाहीत. घरात एवढंच सांगायचे. नाव कुणी घ्यायचं नाही. सुट्टीत बेळगावला आल्यावर मी आत्याला आयर्न क्रॉस दाखवला. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"ह्याच्यावर नाव कुणाचं रे?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांना सारखाच."

"आमच्या ताटलीवर तर होतं की! इंग्रजीत."

मग कळलं. देवघरात कांशाची एक जड ताटली होती. तिच्यावर हातात हार घेतलेली बाई आणि पायाशी सिंह. आमच्या घरच्यांनी तिला देवी समजून वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलं. ती होती ब्रिटानिया. महायुद्धात पडलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने पाठवलेलं स्मृतिपदक, सुमारे बारा सेंटिमीटर रुंद, त्यावर मृताचं पूर्ण नाव, हुद्दा मुद्दाम वगळून. अशी तेरा लाखांहून जास्त निघाली. आमची १९७२ च्या दुष्काळात मोडीत गेली. "ज्वारी आणली त्याची," आत्या म्हणाली. मी तिकडे परक्यांची पदकं चुंबक लावून पारखत होतो.

इराकमध्ये बसऱ्याचं स्मारक आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या, कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांचं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. अशा भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. निदान त्यांच्या संकेतस्थळावर आता नावाने शोधता येतं. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो.

आत्याने फार आठवून नाव सांगितलं. मी बसलो शोधायला. डेटाबेसशी झुंजणं हा माझा रोजचा धंदा, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आपली नावं इंग्रजीत कशी लिहिली असतील याला कुठलंच लॉजिक नाही. एका नावाची अकरा स्पेलिंगं करून बघितली. दोन नोंदी जुळत आल्या: एक ११०व्या मराठा पलटणीतली, दुसरी १०३व्या. एकीत तालुका खानापूर आहे, पण वडिलांचं नाव वेगळं. दुसरीत वडिलांचं नाव बरोबर, गावच नाही. खात्री होईपर्यंत नाव इथे छापत नाही.

परवा पुण्याला जाताना गाडी साताऱ्याजवळ अपशिंगेकडे वळवली. अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण पडले. विजयस्तंभापाशी दोन आजोबा बसले होते. मी विचारलं, ४६ जणांत तुमच्या घरचं कुणी? एकाने हात वर करून समोरच्या आळीतली घरं दाखवायला सुरुवात केली. हे एक, ते एक, त्या पलीकडचं एक. मी मोबाइलवर लिहून घेत राहिलो आणि पुण्याला पोहोचायला रात्र झाली.

तुमच्या देवघरात, माळ्यावर, जुन्या पितळेच्या डब्यात सिंह आणि बाई असलेली ताटली असेल, तर चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. आधी फोटो काढा. आणि नाव वाचता येत नसेल तर मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. स्पेलिंगं लढवायची मला आता सवय झाली आहे.